साडेचारशे मिलिमीटरांचा न्याय

मराठीच्या प्राध्यापकाने बोटींच्या शर्यतीवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या स्टाफरूममधली मंडळी हसणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. ज्याचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता, त्याने होडीविषयी काय सांगायचे? पण वाचकहो, गेल्या भाऊबिजेला सांगलीत कृष्णेच्या घाटावर या प्राध्यापकाला हातात पोलादी पट्टी घेऊन न्यायाधीश व्हावे लागले, आणि खटल्याच्या अखेरीस आरोपीही तोच ठरला. ती हकीगत सांगण्याजोगी आहे.

माझे थोरले बंधू साताऱ्याला असतात. लेथची दोन यंत्रे असलेले त्यांचे लहानसे वर्कशॉप आहे. धाकटी बहीण सांगलीत दिली आहे. मेहुण्यांचा हळदीचा व्यापार. दोन्ही घरांत पंधरा-सोळा वर्षांचा एकेक मुलगा. एक मला काका म्हणतो, दुसरा मामा. आमच्या घरात त्यांना ‘सातारकर’ आणि ‘सांगलीकर’ अशीच नावे पडली आहेत. दोघांनाही वेड एकच: रेडिओने चालणाऱ्या विजेच्या बोटींचे.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हातभर लांबीची बोट. तिच्या पोटात बॅटरी, मोटर आणि संदेश ऐकणारी एक डबी. खेळाडू काठावर उभा राहून हातातल्या संचाने तिला पळवतो, वळवतो. कल्पना आजची नव्हे. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कुंडातल्या पाण्यावर अशी बोट बिनतारी चालवून लोकांना थक्क केले होते. पुढे पुष्कळ वर्षे हा खेळ २७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चाले, आणि दोघांच्या संचातले स्फटिक एकाच आकड्याचे निघाले की एकाच्या हुकमाने दुसऱ्याची बोट वळे! आता २.४ गिगाहर्ट्झचे संच आपापली बोट बरोबर ओळखतात.

या दोघांची पहिली शर्यत तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत झाली. पावसाळ्यात ज्या कृष्णेत सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान अशा गावांचे संघ वल्ही मारत जिवाच्या आकांताने होड्या हाकतात, तिथेच, आयर्विन पूल समोर ठेवून. सांगलीकराची बोट मुंबईहून आणलेली, चांगली तीन फुटी, सहा सेलांची. सातारकराची सव्वा फुटी; प्लायवूड कापून घरी केलेली, पंख्याचा दांडा वडिलांनी लेथवर काढून दिलेला, बॅटरी तीन सेलांची. लिथियम-पॉलिमरचा एक सेल ३.७ व्होल्टचा. म्हणजे एकीकडे २२.२ व्होल्ट, दुसरीकडे ११.१, आणि मोटरचे फेरे व्होल्टच्या प्रमाणात वाढतात. निकाल पाण्यात उतरण्यापूर्वीच लागलेला होता. मोठ्या बोटीच्या लाटेने लहान बोट पालथी झाली. सातारकराने ती ओली बोट काखेत मारली आणि तो न जेवता एस.टी. स्टँडवर गेला.

“शर्यत कसली, पैशाचं प्रदर्शन!” बंधू एवढेच बोलले, पण ते मेहुण्यांच्या कानी गेले. बोट बुडाली ती चार फूट पाण्यात, पण तिच्या लाटा साताऱ्यापर्यंत पोचल्या. पुढच्या नारळी पौर्णिमेला बहिणीची राखी साताऱ्याला पोस्टाने गेली. त्यापुढच्या पौर्णिमेलाही तेच. तीन-साडेतीन तासांचा रस्ता, पण कोणी पाऊल उचलीना.

मधल्या मधे मी अस्वस्थ होतो. तेव्हा मी या खेळाचे नियम वाचायला घेतले, आणि माझे डोळे उघडले. जगात हे लोक मन मानेल तशी बोट सोडतच नाहीत! अमेरिकेत मार्बलहेड गावी १९३०च्या सुमारास शिडाच्या मॉडेल बोटींचा एक वर्ग निघाला. त्याचे मर्म दोन आकड्यांत आहे: लांबी ५० इंच, शीड ८०० चौरस इंच. विजेच्या बोटींचे वर्ग तिकडे सेलांच्या संख्येवरून पडतात; ‘पी’ वर्गाच्या बोटी चार सेलांवर धावतात, ‘क्यू’ वर्गाच्या सहांवर. युरोपात १९५९ साली स्थापन झालेली ‘नाव्हिगा’ ही संस्था तर काही वर्गांत बॅटरीचे वजनच बांधून देते. मोठ्या माणसांच्या शर्यतींतही हेच. वल्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत एकट्याची होडी १४ किलोंहून हलकी चालत नाही, आठ जणांची ९६ किलोंहून. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तेरावा आला. त्याच्याशेजारी कितीही श्रीमंत देशाचा खेळाडू असो, त्या वजनाखालची होडी त्यालाही मिळणार नव्हती.

मला हे सारे ओळखीचे वाटले. मंदाक्रांतेच्या चरणात सतरा अक्षरे, शार्दूलविक्रीडितात एकोणीस. राजकवी असो की गावातला मास्तर, अठरावे अक्षर मंदाक्रांतेत कोणालाच घुसवता येत नाही. म्हणून तर कस लागतो तो बुद्धीचा.

मी दोन्ही घरी पत्रे धाडली. नियम तीन: बोटीची लांबी ४५० मिलिमीटरांपेक्षा अधिक नसावी, बॅटरी तीन सेलांची असावी, बोट स्वतःच्या हातांनी केलेली असावी. भाषा सोपी, मुद्देसूद. स्वतःवरच खूश होऊन मी पाकिटे बंद केली.

भाऊबिजेच्या सकाळी दोन्ही कुटुंबे घाटावर जमली. बायका एकमेकींशी जपून बोलत होत्या. पाण्यात रिकामे तेलाचे दोन डबे दोरी-दगडाने बांधून सोडले होते. त्यांना सहा फेऱ्या घालायच्या. बंद पडलेली बोट आणायला ओळखीच्या एका शेतकऱ्याने गुळाची काहील आणली होती. आमच्याकडे पुरात काहिलीचीच नाव होते, हे सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको.

मी पट्टी लावली. सांगलीकराची बोट टोकापासून सुकाणूच्या शेवटापर्यंत बरोबर ४५०. मग सातारकराची: ४८५!

“काका,” तो पांढराफटक पडून म्हणाला, “सुकाणू कसं धरता? बोट साडेचारशेच आहे. सुकाणू मागं पस्तीस मिलिमीटर बाहेर आहे, ते स्क्रूनं बसवलेलं.”

“सुकाणूवाचून बोट चालते का?” मेहुणे म्हणाले.

“दार घराला असतं, म्हणून उघडं दार धरून घराची लांबी मोजतात का?” बंधू कडाडले.

दोन वर्षांचा साचलेला धूर त्या पस्तीस मिलिमीटरांतून बाहेर पडू लागला. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि माझ्या लक्षात आले की चूक ना याची, ना त्याची. ‘लांबी’ कुठून कुठपर्यंत, हे मी लिहिलेच नव्हते. व्याख्या ढिली लिहिली म्हणून वर्षानुवर्षे मुलांचे गुण कापणाऱ्या माणसाने दुबळ्याच्या रक्षणासाठी नियम केला, आणि त्याच नियमाच्या भोकातून दुबळाच बाहेर पडायची वेळ आणली होती. मी पट्टी खाली ठेवून तसे सर्वांसमक्ष कबूल केले.

तेव्हा सांगलीकर पुढे झाला. “मामा, नियम दोन्ही तऱ्हांनी वाचता येतो ना? मग दोघांच्याही बोटी बरोबर. सोडा पाण्यात.”

तो काय बोलत होता हे त्याला पक्के ठाऊक होते. सुकाणू धरून मोजायचे म्हणून त्याने आपल्या बोटीचे धड ४१५वर आणले होते. लांब धड लाटांवर कमी उड्या मारते, सरळ रेषेत जोर धरते. आखूड बोटीने वळणावर थोडे कमवावे आणि सरळ वाटेवर गमवावे, असाच हिशेब.

झालेही तसेच. पाच फेऱ्या डब्यापाशी सांगलीकर पुढे आणि मधल्या पट्ट्यात सातारकर पुढे, असे चालले. घाटावर कोणाचा मुलगा कोणता, हे आरडाओरड करणाऱ्यांनाही कळेनासे झाले. अखेर सातारकर हातभर अंतराने जिंकला, आणि लगेच सांगलीकराची बॅटरी संपून त्याची बोट मध्येच थांबली. ती आणायला काहील निघाली, तेव्हा दोघेही तिच्यात शिरले होते. काहील जागीच गरगर फिरत होती आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. बंधू व मेहुणे एकाच पायरीवर उभे राहून, कसे वल्हवावे याच्या सूचना दोन्ही तोंडांनी देत होते.

त्या रात्री नवा नियम दोघा मुलांनीच लिहिला: ‘लांबी म्हणजे धडाच्या पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंतचे अंतर. सुकाणू, पंखा व त्यांची पकड धरू नये.’ मी फक्त एक स्वल्पविराम सुचवला. तो नाकारण्यात आला.

यंदा राखी बांधायला बहीण स्वतः साताऱ्याला गेली. पिशवीत मेहुण्यांनी दिलेली हळद होती, आणि येताना तिने एक लहानसे पुडके आणले. बंधूंनी लेथवर दोन दांडे काढले होते, दोन्ही एकाच मापाचे.