पावसाच्या रकान्याला नाव देताना

समजा, तळवलीतल्या एका शाळेच्या गच्चीवर छोटं हवामान केंद्र बसवलंय. एमआयडीसीचा पट्टा जवळच, म्हणून पाऊस आणि तापमानासोबत धुळीचीही नोंद होते. फाइलमधले रकाने आहेत 'टेम्प', 'रेन' आणि 'पीएम'. पण दहा वर्षांनी ही फाइल उघडणाऱ्याला 'रेन' म्हणजे तासाचा पाऊस, दिवसाचा की पावसाचा वेग, हे कळायचं कसं?

त्यासाठी हवामानशास्त्रात 'सीएफ' संकेत आहेत. त्यांच्या प्रमाण नावांच्या यादीत प्रत्येक नावापुढे व्याख्या आणि एकक दिलेलं असतं. नाव निवडताना एकच विचारायचं: नेमकी कोणती राशी मोजली?

26 जुलै 2005चा पाऊस घ्या. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी. साचलेल्या पाण्याची उंची म्हणून तो नोंदवला, तर नाव 'थिकनेस ऑफ रेनफॉल अमाउंट'. एक चौरस मीटरवर एक मिमी पाणी म्हणजे एक किलो. म्हणून 'रेनफॉल अमाउंट' या नावाखाली तोच पाऊस चौरस मीटरला 944 किलो. 86,400 सेकंदांनी भागलं की सरासरी 'रेनफॉल फ्लक्स' मिळतो, चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे 0.011 किलो. तिन्ही बरोबर आहेत, पण फ्लक्सच्या नावाखाली मिमी लिहिले तर नोंद चुकलीच.

त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73 मिमी पडला. तरी ठिकाण नावात घालायचं नाही. त्याला अक्षांश-रेखांश आहेत. हे 24 तास दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतात, ते काळाच्या सीमांमध्ये लिहायचं. बेरीज, सरासरी, कमाल यांनाही वेगळी जागा आहे. मला ही विभागणी फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळेच नाव सगळीकडे तेच राहतं.

तापमानासाठी 'एअर टेम्परेचर' घ्यावं आणि मोजणीची उंची वेगळी लिहावी. 'सरफेस टेम्परेचर' म्हणजे जमिनीच्या किंवा पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान. मे महिन्यातल्या दुपारी जमिनीला हात लावला की फरक समजतो. हवेच्या दाबाचं तसंच. जागेवरचा दाब आणि समुद्रसपाटीला आणलेला दाब यांची नावं निराळी. तळवलीत फरक किरकोळ, महाबळेश्वरला मात्र शंभर हेक्टोपास्कलहून जास्त.

धुळीच्या नावात पीएम 2.5 मधल्या दशांशचिन्हाच्या जागी 'पी' हे अक्षर येतं. शिवाय प्रमाण एकक घनमीटरला किलो असल्यामुळे, मायक्रोग्रॅममधले आकडे तसेच ठेवायचे असतील तर एकक स्पष्ट लिहावं.

यादीत नेमकं नाव सापडलं नाही, तर जवळचं चिकटवू नये. प्रमाण नावाची जागा रिकामी ठेवून 'लाँग नेम'मध्ये साध्या शब्दांत वर्णन लिहावं. संकेतांना ते चालतं.