वत्सगुल्म : घरांखाली दडलेली राजधानी

ग्रीसमधील डेलॉस बेटावरची वस्ती उठून गेली, म्हणून तेथील प्राचीन नगराचे अवशेष आज मोकळेपणी पाहता येतात. वाशिमची गोष्ट निराळी आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच. परंतु त्या जागेवर आज भरवस्तीचे शहर नांदत आहे.

या वैभवाचा पुरावा १९३९ मध्ये वाशिम येथेच मिळालेल्या ताम्रपटाने दिला. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र आहे. त्यातील वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात आहे. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील शिलालेखात या शाखेच्या राजांची नावे होती. पण झिजलेल्या अक्षरांमुळे मूळ पुरुष सर्वसेनाचे नाव पूर्वी चुकीचे वाचले गेले होते. ताम्रपटाच्या आधारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते वाचन दुरुस्त केले. हे लेणे हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने कोरविले. अजिंठ्याचा वाशिमशी असलेला संबंध असा आहे.

काही पत्र्यांनी एक हरवलेली राजशाखा परत मिळवून दिली. म्हणूनच येथे घराचा पाया किंवा विहीर खणताना नाणे, मूर्ती वा ताम्रपट सापडल्यास तो सोनाराकडे अथवा भंगारात जाता कामा नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार अशा मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. वितळलेला ताम्रपट पुन्हा वाचता येत नाही.