दावा चालेल तोवर भाडं कोणी घ्यायचं?

लेखमाला : वारसा आणि आपला कायदा (भाग ७)

मागच्या आठवड्यात आपण प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता मिळवण्याच्या, अर्जाला हरकत येते तिथवर पोचलो होतो. कॅव्हेट दाखल झालं की त्या अर्जाचाच दावा होतो. अर्जदार वादी, हरकतदार प्रतिवादी. मग साक्षीदार, उलटतपासणी, हस्ताक्षरतज्ज्ञ. बाळासाहेब ठाकरे नोव्हेंबर २०१२ मध्ये गेले. त्यांच्या मृत्युपत्रावरचा मुंबई उच्च न्यायालयातला वाद मिटला तो २०१८ मध्ये, आणि तोही जयदेव ठाकरे यांनी माघार घेतली म्हणून. या मधल्या वर्षांत मयताच्या मालमत्तेकडे पाहायचं कोणी, हा आजचा विषय.

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधला एखादा गाळा डोळ्यांसमोर आणा. मालक वारले. धाकट्याकडे मृत्युपत्र आहे. थोरला म्हणतो, सही वडिलांची नाही. भाडेकरूचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय. नवा करार कोणाच्या सहीने करायचा? दोघा भावांच्या नोटिसा हातात पडल्यावर भाडेकरू भाडं कोणालाच देत नाही. बँकेने खातं थांबवलंय. मालमत्ता कर थकतो, त्यावर दंड चढतो, छत गळायला लागलं तरी दुरुस्तीला पैसा निघत नाही. भावांपैकी कोणी लबाड असायलाच हवा असं नाही. दोघं आपापल्या जागी खरे असले तरी गाळ्याची दशा हीच होते.

यासाठीच भारतीय वारसा कायदा, १९२५ मध्ये कलम २४७ आहे. मृत्युपत्राच्या वैधतेचा दावा, किंवा प्रोबेट वा प्रशासनपत्र मिळवण्याचा अथवा रद्द करण्याचा दावा चालू असताना न्यायालय मयताच्या मालमत्तेवर तात्पुरता प्रशासक नेमू शकतं. त्याला नेहमीच्या प्रशासकाचे सगळे अधिकार असतात, फक्त एक सोडून : वाटप. भाडं वसूल करणं, कर भरणं, थकलेलं येणं मिळवायला दावा लावणं, हे सगळं तो करतो. पण वारसांत एक रुपयाही वाटू शकत नाही. तो काम करतो न्यायालयाच्या थेट देखरेखीखाली, आणि हिशेब देतो तो न्यायालयाला. त्याची नेमणूक म्हणजे कोणाची हार नव्हे. ‘प्रशासक मागितला तर आपली बाजू लंगडी दिसेल’ या भीतीने अनेक जण वर्षं घालवतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान तिथेच होतं.

मात्र नुसतं मागून प्रशासक मिळत नाही. वाद खरा आहे का आणि मालमत्ता जपण्यासाठी नेमणुकीची गरज आहे का, हे दोन्ही न्यायालय पाहतं. भांडणाऱ्यांपैकी एकाला नेमण्यापेक्षा तटस्थ माणूस बरा. बहुधा वकील किंवा निवृत्त न्यायाधीश. त्याचा मेहनताना निघतो मालमत्तेतूनच. म्हणून एकच लहान फ्लॅट असेल तर भाडं न्यायालयात जमा करण्याचा आदेश मागणं जास्त शहाणपणाचं.

या कलमाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसल्या त्या कोलकात्यात. प्रियंवदा बिर्ला २००४ मध्ये गेल्या. १९९९ च्या मृत्युपत्राने त्यांची संपत्ती सनदी लेखापाल राजेंद्रसिंह लोढा यांच्याकडे जात होती. बिर्ला कुटुंबाने त्याला आव्हान दिलं. २००८ मध्ये लोढाही वारले, तरी दावा पुढच्या पिढीत चालूच राहिला. २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तीन सदस्यांची प्रशासक समिती नेमली. मालमत्तेत कंपन्यांचे शेअर होते. मग समितीचा हात त्या कंपन्यांच्या कारभारापर्यंत पोचतो का? २०२३ मध्ये खंडपीठाने समितीचा अधिकार मयताच्या मालमत्तेपुरता राखला; इतर कंपन्यांच्या कारभारात तिला शिरता येणार नाही, असं सांगितलं. आपल्या गाळ्यालाही हेच लागू आहे. तो भागीदारी पेढीच्या नावावर असेल तर प्रशासकाच्या हाती येतो तो मयताचा हिस्सा, अख्खी पेढी नव्हे.

आता नवी मुंबईची खास अडचण. हिंदू मृत्युपत्रांसाठी मुंबई शहरात प्रोबेटची जी सक्ती होती, ती खाडी ओलांडून इकडे आली नाही. मृत्युपत्र इथेच केलेलं आणि मालमत्ताही इथलीच असेल, तर लोक प्रोबेटच्या वाटेला जात नाहीत. कोणी वाटपाचा दावा लावतो, कोणी वारस दाखल्यासाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली अर्ज करतो. प्रोबेटचा दावाच नसला की कलम २४७ टांगायला खुंटी उरत नाही.

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांत हे फार बोचतं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या गावांची शेती गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, त्यांतल्या पाच जणांचा गोळीबारात बळी गेला. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण संपादनाच्या निवाड्यावर नाव आजोबांचं, आणि भूखंड मिळेपर्यंत वारसांची तिसरी पिढी. चार चुलत भाऊ बिल्डरसोबत त्रिपक्षीय करारनामा करून मोकळे होतात, आणि आत्यांना कळतं ते पायाचं खोदकाम सुरू झाल्यावर. ज्या जमिनीसाठी माणसं मेली, तिचा मोबदला असा घरातल्या बायकांच्या हातून निसटावा, याचा मला मनापासून राग येतो.

अशा वेळी उपाय दोन. दिवाणी दाव्यात मनाईहुकूम आणि सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४० खाली रिसिव्हर मागता येतो. दुसरा उपाय वारसा कायद्यातच, कलम १९२ पासून पुढे : कोणी मालमत्ता बळकावली असेल किंवा बळजबरीची भीती असेल, तर हक्क सांगणारा वारस जिल्हा न्यायाधीशांकडे जाऊ शकतो, आणि निर्णय होईपर्यंत न्यायालय क्युरेटर नेमू शकतं. इथे मुदत मृत्यूपासून सहा महिन्यांची आहे. दिवसकार्य, नातेवाइकांच्या बैठका आणि ‘वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बघू’ यात ती सहज निघून जाते.

अर्ज करताना मालमत्तेची यादी जोडा : भूखंड क्रमांक, भाडेकरार, बँक खाती, लॉकर, डीमॅट. कोणतं भाडं थकलंय आणि कोणती मुदत कधी संपते, ते तारखेनिशी लिहा. ‘मालमत्ता धोक्यात आहे’ एवढं मोघम वाक्य पुरत नाही. दावा निकाली निघाला की तात्पुरत्या प्रशासकाचं काम संपतं. तो हिशेब देतो आणि न्यायालय सांगेल त्याच्याकडे ताबा सोपवतो. अपील होणार हे दिसत असेल, तर पुढची व्यवस्था निकालाच्या दिवशीच मागा.