सोडतीची चिठ्ठी आणि आपल्या प्रभागाचा चान्स

आजचा प्रश्न माझ्या महागावातूनच आलाय. नगरपंचायतीच्या आरक्षण सोडतीत चार चिठ्ठ्या निघाल्या, आपला प्रभाग अजून नाही, तर महिला आरक्षणाचा चान्स वाढला की घटला? पारावर दोन्ही उत्तरं छातीठोकपणे मिळतात. आणि या उत्तरावर घराघरातली तयारी ठरते: वहिनींनी फॉर्म भरायचा की दादाने.

आधी पद्धत बघू. नगरपंचायतीत १७ प्रभाग. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांना ५० टक्के आरक्षण, म्हणून ९ जागा महिलांच्या. हे आरक्षण प्रत्येक प्रवर्गात वेगळं ठरतं. चिठ्ठ्या सगळ्यांना दाखवून पारदर्शक डब्यात टाकतात आणि बहुतेक वेळा शाळेतलं पोरगं त्या काढतं. महत्त्वाचं म्हणजे निघालेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही. आजचं सगळं गणित त्यावरच आहे.

सोपे आकडे धरू. समजा डब्यात १० सर्वसाधारण प्रभाग आहेत आणि त्यातले ५ महिलांसाठी काढायचेत. तुमचा प्रभाग ७.

पहिल्याच चिठ्ठीत ७ यायची शक्यता १/१०. दुसऱ्या चिठ्ठीत? आधी ७ यायला नको, म्हणजे ९/१०. मग उरलेल्या नवातून ७ यायला हवा, म्हणजे १/९. गुणाकार केला की ९ कटतो, पुन्हा १/१०! तिसरी, चौथी, पाचवी, सगळीकडे तेच. पाच वेळा १/१० म्हणजे ५/१०. थोडक्यात, सोडत सुरू होण्याआधी कुठल्याच क्रमाला झुकतं माप नाही.

आता मूळ प्रश्न. चार चिठ्ठ्या निघाल्या, ७ नाही. डब्यात ६ उरल्या, काढायची फक्त १. चान्स १/६, साधारण १७ टक्के. मघाशी ५० होता!

गोंधळ इथंच होतो. पुढच्या एका चिठ्ठीचा चान्स १/१० वरून १/६ झाला, म्हणजे खरंच वाढला. पण काढायच्या चिठ्ठ्या पाचावरून एकावर आल्या, म्हणून एकूण चान्स घसरला. पारावरचे दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

अजून एक. वहिनी ६ किंवा ७, कुठूनही लढायला तयार आहेत. एक तरी प्रभाग महिलांसाठी निघेल का? उलटीकडून मोजा. दोन्ही न निघण्याची शक्यता ५/१० × ४/९, म्हणजे २/९. म्हणून एक तरी निघण्याची ७/९, जवळपास ७८ टक्के. दुसऱ्या वेळी ५/१० नाही घ्यायचं, कारण ६ बाहेर राहिला की उरलेल्या नऊ प्रभागांत बाहेर राहायच्या जागा चारच उरतात.

कोडिंग करणाऱ्यांनी पायथॉनमध्ये हे तपासायला 'सॅम्पल' वापरा. 'चॉइसेस' चिठ्ठी परत डब्यात टाकतं, एकच प्रभाग दोनदा निघेल!

सोडतीला गेलात तर आधी विचारा, डब्यात कोणते प्रभाग टाकलेत? आरक्षण चक्रानुक्रमाने फिरतं, त्यामुळे काही चिठ्ठ्या डब्यात नसूही शकतात. मग मोबाइलवर दोनच आकडे ठेवा: काढायच्या किती, उरल्या किती. भागाकार केला की चान्स समोर.

आणि हो, चिठ्ठी नाही निघाली तरी वहिनींचा फॉर्म फाडू नका. सर्वसाधारण जागेवरही बाई लढू शकते. भेटू पुढच्या भागात!