ऐकून न घेतलेला सेनापती

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या दादीच्या लग्नातले चांदीचे कडे १९६२ च्या हिवाळ्यात संरक्षण निधीत गेले. त्यानंतर शेवटपर्यंत तिच्या हातात काचेच्या बांगड्याच राहिल्या. मी लहानपणी विचारले, की ती म्हणायची, "चीन आला होता ना बेटा, म्हणून दिले." चीन कुठून आला, त्याला वाटेत कोणी का अडवले नाही, हे तिने कधी विचारले नाही. देश अडचणीत आहे एवढे तिला पुरेसे होते. मला मात्र तो प्रश्न छळत राहिला. पुढे यवतमाळच्या वाचनालयात जुनी पुस्तके चाळताना त्याचे अर्धेमुर्धे उत्तर मिळाले. चीन कुठून येईल आणि त्याला कुठे अडवावे, हे एका मराठी सेनापतीने तीन वर्षे आधीच लिहून दिले होते. त्यांचे नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

आज त्यांच्याविषयी सांगायचे आहे. पण सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

दुसऱ्या महायुद्धातले मोठे सेनापती आपण पाहिले, तर त्यांतले बहुतेक पहिल्या महायुद्धात तरुण अधिकारी होते. जर्मनीचा रोमेल १९१७ साली इटलीच्या डोंगरात लढला आणि त्याने जर्मनीचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले. पुढे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्याला हरवणारा इंग्रज सेनापती माँटगोमेरी १९१४ सालीच बेल्जियमच्या सीमेजवळ गोळी लागून मरता मरता वाचला होता. एका युद्धात शिकायचे आणि दुसऱ्यात सेना चालवायची, असा त्या पिढीचा प्रवास झाला.

आपल्याकडे असा एखादा मराठी सेनापती का नाही? लढणारे कमी होते म्हणून नव्हे. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांवर हिंदी माणसे समुद्रापार गेली. आजच्या इराकमधील कुत या गावात मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या होत्या. वेढा घालणाऱ्या तुर्की सैन्याची सूत्रे फॉन डेर गोल्ट्झ नावाच्या वृद्ध जर्मन सेनापतीकडे होती. तो १९ एप्रिल १९१६ रोजी बगदादला तापाने वारला आणि दहाच दिवसांनी, २९ एप्रिलला, उपासमारीने कुत पडले. आपली माणसे तिथे लढली, उपाशी राहिली, कैदेत गेली. पण हुकूम देणारा अधिकारी व्हायची त्यांना मुभा नव्हती. हिंदी माणूस फार तर सुभेदार होई, आणि कालच आलेला गोरा पोरगा त्या पिकल्या केसांच्या सुभेदाराचा साहेब असे.

युद्ध संपत आले तेव्हा हे दार किंचित उघडले. १९१८ पासून इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. सगळ्या हिंदुस्थानातून फक्त दहा! म्हणजे थोरातांसारख्यांची वाट पहिल्या महायुद्धाने उघडली आणि त्यांचा कस दुसऱ्या महायुद्धाने पाहिला. त्यांच्या आयुष्याचा दोन्ही महायुद्धांशी असा संबंध आहे.

शंकररावांचा जन्म १९०६ सालचा, कोल्हापूरकडच्या वडगावचा. सँडहर्स्टहून ते १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडले. पण दाराच्या आत आणखी एक दार होते. हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली गोऱ्या अधिकाऱ्याला काम करावे लागू नये, म्हणून सरकारने १९२३ साली आठच पलटणी त्यांच्यासाठी वेगळ्या काढल्या होत्या. सगळ्या हिंदी अधिकाऱ्यांना त्या आठांत कोंबायचे, असा बेत. त्यांपैकी एका पंजाबी पलटणीत शंकरराव गेले. हिंदी माणसाला शौर्य असते, पण त्याला पलटण चालवता येणार नाही, असा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा समज होता. तो कोणीतरी रणांगणावरच खोडायला हवा होता.

तशी वेळ जानेवारी १९४५ मध्ये आली. ब्रह्मदेशात अराकानच्या किनाऱ्याजवळ कांगॉ नावाचे ठिकाण आहे. तिथल्या रस्त्याने जपानी सैन्य मागे हटत होते आणि तो रस्ता तोडायचा होता. एका बाजूला खारफुटीची दलदल, दुसरीकडे जपान्यांनी बळकावलेल्या टेकड्या. तिथे ५१ वी ब्रिगेड लढली. तिचा ब्रिगेडियर इंग्रज होता, पण तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. एक कूर्गचे थिमय्या, दुसरे बंगालचे एल. पी. सेन आणि तिसरे आपले थोरात. थोरातांच्या पलटणीत शीख, पंजाबी मुसलमान आणि डोगरे होते. कोल्हापूरच्या या मराठ्याच्या शब्दावर ते गोळ्यांच्या वर्षावात टेकडी चढले. माणसे फार पडली, पण रस्ता तुटला. तिन्ही प्रमुखांना डी. एस. ओ. हा मोठा सन्मान मिळाला. आठ पलटणींच्या कुंपणामागचा समज तिथे, त्या चिखलात, गाडला गेला.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्यावर एक वेगळेच काम आले. कोरियातले युद्ध जुलै १९५३ मध्ये थांबले, पण बावीस हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन युद्धकैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला दोन्ही बाजूंना चालेल असा तिसरा कोणी हवा होता. तो मान भारताला मिळाला. देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या होते आणि कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. कैदी बिथरलेले, आपसात मारामाऱ्या करणारे. एकदा त्यांनी एका भारतीय मेजरलाच आपल्या आवारात ओढून डांबून ठेवले. थोरात त्या आवारात शिरले, बोलत राहिले आणि गोळी न झाडता आपला माणूस सोडवून आणला. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र वर्ग दोन मिळाले. त्यालाच पुढे कीर्ती चक्र हे नाव पडले. टेकडी जिंकायला जसे धैर्य लागते, तसे बंदूक खाली ठेवून बोलायलाही लागते. थोरातांपाशी दोन्ही होती.

आता दादीच्या कड्यांकडे येऊ.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. मुख्यालय तेव्हा लखनौला होते आणि आजच्या अरुणाचल प्रदेशाची, म्हणजे त्या वेळच्या नेफाची सीमा त्यांच्याकडे होती. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू येथे चिनी सैन्याने आपल्या चौकीवर गोळीबार केला. थोरातांनी सगळा मुलूख डोळ्यांसमोर घेऊन ८ ऑक्टोबर १९५९ रोजी एक टिपण लिहिले. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेऊन तेच म्हणणे त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे मांडले.

त्यांचे म्हणणे काय होते? आपल्या यवतमाळकडच्या शेतकऱ्याला ते लगेच कळेल. समजा, आपला धुरा नाल्यापलीकडे दोन कोसांवर आहे. पांदण अशी, की पावसाळ्यात काळ्या मातीत बंडी आसापर्यंत रुतते. अशा वेळी शहाणा शेतकरी सगळे गडी, सगळे धान्य नेऊन धुऱ्यावर ठेवत नाही. तिथे तो एखाद-दुसरा जागल्या ठेवतो, हाक द्यायला. खरा बंदोबस्त मात्र जिथपर्यंत बंडी पोचते, भाकर पोचते, माणसे धावून येऊ शकतात, तिथे करतो. नेफात आपल्या बाजूला रस्ते नव्हते. चिन्यांचे रस्ते पलीकडून सीमेच्या जवळ येऊन भिडत होते. म्हणून थोरात सांगत होते, की ऐन सीमेवर थोडकी ठाणी ठेवा. मुख्य लढाई मागे बोमडिलाच्या आसपास, आपल्या निवडीच्या जागी द्या. तोवर शत्रू डोंगर ओलांडून दमलेला असेल आणि त्याची रसद लांबलेली असेल. यासाठी इतकी माणसे, इतकी सामग्री लागेल, आणि ती आज आपल्याकडे नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले होते.

तेव्हा सरसेनापती थिमय्या होते. कांगॉचा हा जुना सोबती थोरातांशी सहमत होता. त्याने टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले. मेनन यांना ते उगाच घाबरवणारे वाटले. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की टिपण पुढे पंतप्रधानांपर्यंत गेलेच नाही. थिमय्यांनी आपल्यानंतर थोरातांचे नाव सुचवले होते. तेही झाले नाही. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले.

पुढचे आपल्याला माहीत आहे. धुऱ्यावर ठाणी उभी करण्याचे धोरण आले. सुती गणवेशातले जवान बर्फाच्या तोंडाशी जाऊन बसले. २० ऑक्टोबर १९६२ ला नामका चू नदीवर हल्ला झाला आणि एक अख्खी ब्रिगेड मोडली. १८ नोव्हेंबरला से ला आणि बोमडिला पडले. तेव्हा पूर्व विभागाचे सेनापती होते एल. पी. सेन, कांगॉच्या त्रिकुटातले तिसरे. एक महिन्याच्या त्या युद्धात सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मारले गेले आणि चार हजारांच्या आसपास कैद झाले. मेनन गेले, आणि संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. ते टिपण मला का दाखवले नाही, असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे थोरात म्हणाले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच नोंदवला आहे.

एक गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. देश गरीब होता, धान्य परदेशातून येत होते आणि दुसरी सीमाही तापलेली होती. थोरातांनी मागितलेले सगळे देता आले असते का, आणि दिले असते तरी निकाल बदलला असता का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. सेनापतीने सांगायचे आणि लोकांच्या सरकारने ठरवायचे, ही आपल्या लोकशाहीची रीत योग्यच आहे. थोरातांनी ती मोडली नाही. ते वर्तमानपत्रांकडे धावले नाहीत, रुसले नाहीत. लिहून दिले, समजावून दिले आणि मुदत संपल्यावर घरी गेले. पण ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याच्यावर ऐकून घेण्याचे कर्जही असते. ते कर्ज त्या वेळी फेडले गेले नाही.

त्या रोमेलने जुलै १९४४ मध्ये हिटलरला लिहून कळवले होते, की हा सामना आता आपल्या हाताबाहेर चालला आहे. हिटलरविरुद्धच्या कटात सामील असल्याचा संशय येऊन ऑक्टोबरमध्ये त्याला विष घ्यायला लावले गेले. हुकूमशाहीत खरे बोलणाऱ्याचा जीव जातो. लोकशाहीत तो वाचतो, सन्मानाने निवृत्त होतो, आठवणी लिहितो. हा फरक लहान नाही. पण त्याचे टिपण कपाटात राहिले, तर जीव दुसऱ्यांचे जातात. आणि कुठल्या तरी यवतमाळात कोणी तरी आपले कडे काढून देते.

थोरात १९९२ साली गेले. त्यांच्या पदकांची नोंद सगळीकडे सापडते. माझ्या लेखी मात्र त्यांची मोठी लढाई कांगॉची नव्हती. ती लखनौच्या कचेरीत, एका टेबलावर, कागद आणि लेखणी घेऊन झाली. वरिष्ठांना आवडणार नाही हे माहीत असूनही जे आहे ते लिहायचे, आणि त्याखाली सही करायची. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत असे कागद रोज लिहिले जातात. बंधारा फुटेल, पूल खचला आहे, विहिरींना पाणी नाही. पुढच्या वेळी असा कागद आपल्या हाती आला, तर तो दडपण्याआधी एकदा पुरता वाचावा. दादीने आपले कडे कधी परत मागितले नाहीत. तिच्या वतीने मी एवढेच मागतो.