सोनोग्राफीच्या खोलीतली डबी

मैत्रिणींनो, सोनोग्राफीच्या टेबलावर झोपायच्या आधी एका कागदावर आपली सही नाहीतर अंगठा घेतात. तो 'एफ' फॉर्म. 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही,' असं आपण त्यात लिहून देतो. वाचतं कोण?

बाळाची वाढ, व्यंग, वारेची जागा कळावी म्हणून हे यंत्र आलं. पण २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली भरल्या अवघ्या ८३९. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात! गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानंच १९८८ मध्ये केला होता. देशाचा कायदा १९९४ चा.

पुढं लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडायला सुरुवात झाली. ही एक डबी. तपासणीत पडद्यावर दिसलेलं चित्र ती साठवते, म्हणजे संशय आला तर पाहता येतं. रेडिओलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली. पेशंटच्या खाजगीपणावर घाला येतो, हाही त्यांचा मुद्दा होता. ऑगस्ट २०११ मध्ये कोर्टानं तो मानला नाही. चित्रं डबीतच राहतात, बाहेर जात नाहीत, असं कोर्टाचं म्हणणं.

२०११ च्या जनगणनेत आकडा ८६३ वर गेला. त्याचं श्रेय डबीला देऊ नये. त्यातली बहुतेक मुलं डबीच्या आधीच जन्मली होती.

आम्हाला निकाल पटतो. तरी एक सल आहे. नजर डॉक्टरवर, पण चित्र आपल्या पोटातलं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं. मग आपलं चित्र कोण उघडतं, कधी, हे विचारायला आपण का बिचकावं? आणि दाराबाहेर सासूबाई 'पेढे की बर्फी?' विचारतात, ते डबीत कुठलं येणार!

कायद्याला मात्र ते घर ठाऊक आहे. बाईवर नवऱ्यानं, नातेवाइकांनी जबरदस्ती केली असंच तो धरून चालतो. तसं नव्हतं हे दुसऱ्यानं सिद्ध करायचं. गर्भपाताचा १९७१ चा कायदा वेगळा. त्यातल्या अटींत बसणारा गर्भपात गुन्हा नाही. दोन्हींची गल्लत करून कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

पुढच्या वेळी फॉर्म आधी वाचून दाखवायला सांगा. सही मग.