सन १८९३ आणि मुंबईचे बंदर

इतिहासाची पाठ्यपुस्तके माणसांप्रमाणे धडे पाडतात, वर्षांप्रमाणे नव्हे. विवेकानंदांचा धडा निराळा, गांधीजींचा निराळा, अरविंदबाबूंचा निराळा. आणि न्यूझीलंडला तर धडाच नसतो. त्यामुळे ही मंडळी एकाच काळात वावरत होती, एकाच वर्षी एकाच बंदरातून ये-जा करीत होती, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येत नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हां शिक्षकांच्याही क्वचितच येते. म्हणून आम्ही कधी कधी फळ्यावर एकच आकडा लिहितो आणि त्या वर्षी जगात काय काय चालले होते ते मुलांना धुंडाळावयास लावतो. आज वाचकांपुढे तोच फळा मांडीत आहोत. आकडा आहे १८९३.

त्या वर्षीच्या ६ फेब्रुवारीस 'कार्थेज' नावाची आगबोट मुंबईस लागली. तीतून वीस वर्षांचा एक बंगाली तरुण उतरला. वयाच्या सातव्या वर्षी तो विलायतेस गेला होता. ग्रीक आणि लॅटिन उत्तम, मातृभाषा मात्र जवळजवळ परकी. घरी त्याची वाट पाहणारे वडील उरले नव्हते. मुलगा ज्या बोटीने निघाला असे त्यांना कळले होते, ती बोट पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ बुडाली. मुलगा त्या बोटीवर नव्हताच. पण ते कळण्यापूर्वीच वडिलांनी हाय खाऊन प्राण सोडले. या तरुणास श्रीमंत सयाजीराव महाराजांनी लंडनमध्येच दरमहा दोनशे रुपयांवर बडोद्याच्या नोकरीत घेतले होते. अरविंद घोष ते हेच.

एप्रिल महिन्यात त्याच बंदरातून तेवीस वर्षांचा एक गुजराती बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेस निघाला. मुंबईत वकिली चालली नव्हती, राजकोटात मन रमत नव्हते. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने एका दाव्याच्या कामासाठी एका वर्षाकरिता १०५ पौंड, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे व राहण्याचा खर्च देऊ केला, तो त्याने पत्करला. बोटीवर मोझांबिकचे गव्हर्नर जनरल प्रवास करीत असल्याने पहिल्या वर्गात जागा शिल्लक नव्हती. तेव्हा बोटीवरील मुख्य अधिकाऱ्याच्या खोलीत मोहनदास गांधींची सोय झाली. आगबोटीवर अधिकाऱ्याने मानाने शेजारी झोपविले आणि पुढे थोड्याच दिवसांत आगगाडीतून दुसऱ्या अधिकाऱ्याने ढकलून दिले, हा विरोध विचार करण्यासारखा आहे.

आणि ३१ मे रोजी 'पेनिन्शुलर' या आगबोटीने तीस वर्षांचा एक संन्यासी निघाला. हा आदल्या वर्षी आमच्या बडोद्यासही येऊन गेला होता. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान असे करीत तो अमेरिकेस पोहोचला. जपानहून पुढच्या प्रवासात त्यास जमशेटजी टाटा भेटले. या सहप्रवासाची आठवण देऊन टाटांनी १८९८ साली त्यांना पत्र लिहिले आणि आपल्या संकल्पित विज्ञानसंस्थेच्या कार्यात साहाय्य मागितले.

चार महिन्यांच्या आत एका बंदरातून हे तिघे गेले वा आले. त्यांपैकी एकाचीही दखल घेण्याचे कारण त्या दिवशी कोणास नव्हते. एक नोकरीवर रुजू होणार होता, एक वर्षाच्या कराराने चालला होता, आणि तिसऱ्याजवळ तर धर्मपरिषदेचे निमंत्रणही नव्हते.

जगाचे डोळे त्या वर्षी शिकागोकडे लागले होते. कोलंबसाच्या सफरीस चारशे वर्षे झाली म्हणून तेथे १ मेपासून ३० ऑक्टोबरपर्यंत जागतिक प्रदर्शन भरले. विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या शुभ्र इमारती, आणि त्यांहूनही लोकप्रिय असा २६४ फूट उंचीचा फेरिसचा पाळणा! त्यास छत्तीस डबे, प्रत्येकात साठ माणसे. आमच्या जत्रांतील उंच पाळण्याचे हे अजस्र भावंडच म्हणावयाचे. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने ११ सप्टेंबरपासून सर्वधर्मपरिषद भरली. परिचयपत्रावाचून प्रवेश नाही असे कळल्यावर विवेकानंदांना बोस्टनकडे जावे लागले होते. तेथे हार्वर्डचे ग्रीकचे प्राध्यापक राइट यांनी शिफारस केली, तेव्हा मार्ग मोकळा झाला. पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे, ती येथे सांगत नाही. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती सहसा सांगितली जात नाही. त्या व्यासपीठावर मुंबईचे नगरकर हे ब्राह्म समाजाच्या बाजूने बोलले, आणि जैन धर्माची बाजू वीरचंद गांधी यांनी मांडली. परिषद भरण्यास दहा दिवस असताना, १ सप्टेंबरला, मुंबईत न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. गीतेचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेतून १८८२ सालीच पाश्चात्यांच्या हाती गेले होते. शिकागोतील टाळ्यांपूर्वी अकरा वर्षे एका मराठी माणसाने एकांतात बसून केलेले हे काम आम्हांस फार मोलाचे वाटते.

प्रदर्शनाच्या झगमगाटामागे अमेरिकेत हाहाकार चालला होता. रेल्वे कंपन्या बुडत होत्या, शेकडो बँकांनी दारे लावली होती. या संकटाचा एक धागा हिंदुस्थानातून जातो. चांदीचा भाव जगभर घसरत चालल्याने रुपयाची किंमत उतरत होती. म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारने येथील टांकसाळींत खाजगी चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. चांदीचे एवढे मोठे गिऱ्हाईक नाहीसे होताच भाव कोसळला आणि काही दिवसांतच कोलोरॅडोतील चांदीच्या खाणी बंद पडून खाणकामगार रस्त्यावर आले. त्या मजुरांना मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळी कोठे आहेत हेही ठाऊक नसेल.

१९ सप्टेंबर हा दिवस मात्र पोरांना आम्ही दोनदा लिहावयास लावतो. त्या दिवशी शिकागोत विवेकानंदांनी हिंदुधर्मावरील आपला निबंध वाचला. आणि त्याच तारखेस न्यूझीलंडच्या गव्हर्नरांनी स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. स्वयंशासित देशांत स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देणारा हा पहिला देश. केट शेपर्ड व त्यांच्या सहकारिणींनी जवळजवळ बत्तीस हजार सह्या गोळा केल्या होत्या. मुख्य अर्जाचे कागद एकास एक चिकटवून त्याची भली मोठी गुंडाळी संसदेत नेण्यात आली. गावोगाव, दारोदार हिंडून केलेले हे काम. २८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत स्त्रियांनी मतदान केले.

आणखी कितीतरी नोंदी आहेत. नानसेन 'फ्राम' जहाज घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाला. मोपासाँ आणि चायकोव्हस्की वारले. महालनोबिस, राहुल सांकृत्यायन आणि चीनचा माओ जन्मास आले. अफगाणिस्तान व हिंदुस्थान यांच्या दरम्यान ड्युरंडने आखलेली रेषा कागदावर आली आणि तिचा तंटा आजही मिटलेला नाही. मुंबईत ऑगस्टमध्ये हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला, त्याचे पडसाद पुण्यापर्यंत गेले.

त्या बंदरातील तिघांपैकी गांधीजींची रात्र आली ती ७ जूनला. पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असता त्यांना डब्यातून उतरविले गेले. तिकडे तो हिवाळा असतो. अंगरखा सामानात, सामान रेल्वेच्या ताब्यात, आणि मागावे तर पुन्हा अपमान होईल ही धास्ती. एका वर्षाचा करार केलेला तो तरुण पुढे एकवीस वर्षे तेथे राहिला.

अरविंदबाबू इकडे बडोद्यात महसुली खात्यांतून फिरत होते. परंतु ७ ऑगस्टपासून मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये, केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्या आग्रहावरून, त्यांनी काँग्रेसच्या अर्जविनंत्यांच्या राजकारणावर इतकी जळजळीत लेखमाला सुरू केली, की न्यायमूर्ती रानड्यांना पत्राच्या मालकांस सावध करावे लागले. लेख सौम्य झाले, मग थांबले. ते बडोद्यात तेरा वर्षे राहिले. येथेच ते मराठी आणि गुजराती शिकले.

आणि याच संस्थानात, अमरेली तालुक्यातील दहा खेड्यांत, त्याच वर्षी एक प्रयोग सुरू झाला, त्याची वार्ता जगाच्या वर्तमानपत्रांत आली नाही. सयाजीराव महाराजांनी तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आठ वर्षे अनुभव घेऊन १९०१ साली तो सर्व तालुक्यास आणि १९०६ साली सबंध संस्थानास लागू केला : मुलांसाठी सहा ते बारा, मुलींसाठी सहा ते दहा वर्षे. शिक्षक जमविणे, हजेरी ठेवणे, शेतावरून पोर शाळेत आणताना बापाशी घालावी लागणारी हुज्जत, हे सारे त्या दहा खेड्यांतील मास्तरांच्या वाट्यास कसे आले असेल हे आम्हां मास्तरांस निराळे सांगावे लागत नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली तेव्हा दाखला दिला तो अमरेलीचाच. त्यांचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. बडोद्यातील शाळा चालूच होत्या.